नुसता उतरवून घे

वासुदेवरावांनी छत्री काउंटरवर आपटली, तेव्हा त्या आवाजानं सगळ्यांत जास्त दचकले ते स्वतः वासुदेवरावच. आयुष्यात त्यांनी कधी काही आपटलं नव्हतं. बत्तीस वर्षं बंगळूरच्या सरकारी संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात काढलेला माणूस. खुर्चीसुद्धा उचलून सरकवायची सवय. पण आज आतल्या खिशातलं विद्याचं आंतरदेशीय पत्र सकाळपासून छातीला टोचत होतं. दसऱ्यानंतर आलेलं पत्र. आता डिसेंबर संपत आला होता आणि त्याला त्यांनी अजून उत्तर पाठवलं नव्हतं.

उत्तर काय पाठवणार? चूक बँकेची आहे हे धाकट्या बहिणीला नुसतं सांगून भागणार नव्हतं. बँकेची लेखी कबुली हातात यायला हवी, ती पत्राला जोडायची आणि मगच लिहायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. तोवर राग विझू न देणं एवढंच काम उरलं होतं, आणि ते काम ते घरी इमानेइतबारे करत. जेवताना, पेपर वाचताना, तुळशीला पाणी घालताना ते बँकेला झाडत. बँकेत गेले की मात्र रांगेत उभे राहत, ‘नाळे बन्नी’, उद्या या, असं ऐकून घेत आणि ‘सरी’, बरं, म्हणून परत येत.

“घरात वाघ आणि बँकेत शेळी,” सकाळी पोळ्या लाटता लाटता सुचेताबाई म्हणाल्या होत्या. “तिकडे विद्यावन्सांची खोली गेली, आणि तुमचा तक्रारीचा मसुदा अजून पक्का व्हायचाय. इंग्रजी मात्र फार छान असतं हं तुमचं.”

ते लागलं होतं. म्हणून आज छत्री.

खोली गेली हे खरंच होतं. नवरा वारल्यावर विद्या मुलाकडे, सुहासकडे, डोंबिवलीला न जाता पुण्यात एका भाड्याच्या खोलीत राहिली, तिथंच शिवणाचा वर्ग चालवू लागली. सुनेच्या घरात पाहुणी म्हणून राहायचं नाही, हा तिचा हट्ट. दसऱ्याच्या आत रक्कम भरली तर खोली नावावर करून देतो, असं मालकानं कबूल केलं होतं. बेळगावची वडिलांची जागा नुकतीच विकली गेली होती आणि तिच्या वाटणीचे पासष्ट हजार वासुदेवरावांपाशी होते. ऑगस्टमध्ये तिनं खात्याचा नंबर कळवला, आणि चेकवर खाली छापलेला शाखेचा नऊ आकडी नंबरही. आता पैसे तारेनं नाही, कम्प्युटरवरून जातात, दोन दिवसांत पोचतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. वासुदेवरावांनी दुसऱ्याच दिवशी फॉर्म भरला. पैसे त्यांच्या खात्यातून गेले. विद्याच्या खात्यात ते पोचलेच नाहीत.

“स्वल्प बसा सर,” काउंटरमागची बाई म्हणाली. भाग्यलक्ष्मी नावाची ही अधिकारी पंधरा दिवसांपूर्वीच या शाखेत बदलून आली होती. मागच्या टेबलांवर दोन हजार साल उजाडलं की कम्प्युटर बंद पडणार की नाही, याची चर्चा रंगली होती; ती छत्रीच्या आवाजानं क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

वासुदेवराव बसले नाहीत. रात्रभर घोकलेलं इंग्रजी भाषण त्यांनी सुरू केलं, पण तिसऱ्या वाक्यालाच ते अडखळले, आणि मग जे तोंडाला आलं ते कन्नडमध्ये आलं.

“माझ्या बहिणीचं राहतं घर गेलं तुमच्या या यंत्रापायी. चार महिने झाले. तुम्हाला लाज कशी वाटत नाही?”

भाग्यलक्ष्मीनं यल्लाप्पा शिपायाला फाईल आणायला पाठवलं. तो फाईल शोधेपर्यंत ती दुसऱ्या कागदांवर सह्या करत बसली, त्यामुळे वासुदेवरावांचा राग आणखी चढला. फाईल आल्यावर ती पानं उलटत शांतपणे समजावू लागली, की या नऊ आकड्यांवरच सगळं चालतं. पहिले तीन शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे...

“मला शिकवू नका,” वासुदेवराव म्हणाले. “पहिले तीन पिनकोडचेच असतात. बंगळूरचे पाचशे साठ. पुण्याचे चारशे अकरा. ग्रंथपाल होतो मी. आकड्यांवर माझं आयुष्य गेलं.”

“बरोबर आहे सर. फॉर्मवर चारशे अकराच आहे. योगायोगानं त्या नंबरची एक शाखा पुण्यात आहेसुद्धा. पण तिथं या नंबरच्या खात्याचा मालक दुसराच कुणीतरी आहे. नाव जुळेना, म्हणून त्यांनी पैसे जमा केले नाहीत, बाजूला ठेवले आणि आम्हाला विचारलं.”

“मग तुम्ही मला का नाही विचारलं?”

तिनं फाईल त्यांच्याकडे फिरवली. बँकेचं सप्टेंबरचं पत्र होतं: शाखेचा क्रमांक कृपया पुन्हा तपासावा. त्याच्या पाठीला टाचलेलं, दोनच दिवसांनंतरचं वासुदेवरावांचं उत्तर, स्वच्छ टाइप केलेलं. क्रमांक मी जातीनं पडताळला आहे, आपण आपले कर्मचारी पडताळावेत, अशा अर्थाचं. इंग्रजी खरोखरच छान होतं.

“बहिणीनं लिहिलेला नंबर आहे का जवळ?” तिनं विचारलं.

वासुदेवरावांनी पत्र काढलं. घड्यांवर ते फाटायला आलं होतं. विद्यानं त्यात फार थोडं लिहिलं होतं.

‘दादा, पैसे आले नाहीत. तुझं काही कळतही नाही. मालकानं खोली दुसऱ्याला दिली, महिनाअखेर मी सुहासकडे जाते. पत्ता खाली आहे. पैसे पाठवणार असलास तर नंबर पुन्हा लिहिते. चष्मा लावून लिहिलाय, तीनदा ताडून पाहिलाय. तू नुसता उतरवून घे. आणि हे पत्र दुरुस्त करून परत पाठवू नकोस.’

सातवीतून शाळा सुटली आणि विद्याचं लग्न झालं, तेव्हापासून तिचं प्रत्येक पत्र ते लाल शाईनं सुधारून उत्तरासोबत परत पाठवत आले होते. चाळीस वर्षं. तिला चांगलं लिहिता यावं म्हणून. ते प्रेमच होतं, याबद्दल त्यांना कधी शंका आली नव्हती.

भाग्यलक्ष्मीनं पत्र फॉर्मशेजारी ठेवलं आणि दोन्ही नंबरांखाली पेन्सिल धरली. शेवटचे सहा आकडे तेच होते. फॉर्मवर सुरुवातीला चारशे अकरा. पत्रात नुसते चारशे.

“ही शाखा मुंबईची आहे सर.”

वासुदेवरावांना ऑगस्टमधली ती दुपार लख्ख आठवली. स्वतःचं चेकबुक पुढ्यात घेऊन त्यांनीच तो शोध लावला होता, की शहराचा आकडा पिनकोडवरूनच घेतलेला आहे. केवढा आनंद झाला होता. मग विद्याच्या नंबराकडे पाहिलं. राहते पुण्यात आणि लिहिते चारशे. वेंधळी ती वेंधळीच, असं म्हणून ते हसले होते आणि फॉर्मवर सुवाच्य अक्षरात चारशे अकरा लिहिलं होतं. नवऱ्याच्या वेळचं गिरगावातलं खातं तिनं तसंच चालू ठेवलं असेल, हे मनातही आलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. बँकेचं पत्र आलं त्याच दिवशी त्याला उत्तर गेलं. तिला एक कार्डसुद्धा नाही.

त्यांनी काउंटरवरची छत्री उचलली आणि ती कुठे ठेवावी ते न कळून दोन्ही हातांत धरून उभे राहिले.

भाग्यलक्ष्मीनं नवा फॉर्म पुढे सरकवला. पैसे सुरक्षित आहेत, परवापर्यंत पोचतील, ती म्हणाली. मग तिनं शाखेचा छापील कागद ओढला.

“मात्र तुमच्या उत्तरानंतर पैसे लगेच परत मागवायला हवे होते. ते इतके दिवस पडून राहिले, ही चूक आमची. मी तसं लिहून देते. शिक्क्यासकट.”

वासुदेवराव तिच्या लिहित्या हाताकडे पाहत राहिले. दोन महिने ज्या कागदासाठी खेटे घातले, तो हाच. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. कागद त्यांनी घेतला, घडी घातली. नंतर फॉर्म भरला. पत्रावर बोट ठेवून एकेक आकडा उतरवला.

घरी आल्यावर कोट न काढताच ते टेबलाशी बसले. सुचेताबाईंनी चहा ठेवला, चेहरा पाहिला आणि टोमणा गिळला. बँकेचा कागद त्यांनी समोर उलगडला, दोनदा वाचला. शिक्का ठसठशीत उमटला होता. मग टेबलाचा सर्वांत खालचा खण उघडून तो आत टाकला आणि खण ढकलून दिला, इतक्या जोरात की कपातला चहा हिंदकळला.

आंतरदेशीय पत्रावर त्यांनी लिहिलं: ‘चि. विद्या, तुझा नंबर बरोबर होता. बदलला मी. तुझी खोली माझ्यामुळे गेली. पैसे परवा पोचतील. खोली परत देता येणार नाही.’ पुढं पुष्कळ जागा उरली होती. ती त्यांनी तशीच ठेवली. लिहिलेलं पुन्हा वाचलं नाही. कडा चिकटवल्या.

मग पत्ता. सुहासची इमारत, मजला, स्टेशनपासूनची खूण, सगळं विद्यानं लिहिलं होतं. शेवटी डोंबिवली, आणि पिन. तिथं त्यांचं पेन थांबलं. तिनं चारशे एकवीसनं सुरुवात केली होती. डोंबिवली म्हणजे मुंबईच की. चारशे असायला हवं. पिनकोडचं पुस्तक कपाटात वरच्या फळीवर, हात लांब केला तर सापडेल असं होतं.

“काय पाहिजे?” सुचेताबाईंनी विचारलं. “काढून देऊ?”

“नको.”

त्यांनी चारशे एकवीस लिहिलं. पुढचे तीन आकडेही तिच्या पत्रातून उतरवले, तसेच. मग चपला घालून कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत गेले आणि पत्र आत सोडलं.