तळाशी गेलेला बर्फ

मी बर्फ बोलतोय. पण तुमच्या सरबतातला नव्हे. मी जड पाण्याचा बर्फ. माझ्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा वजनदार, बाकी रंग-वास सगळा नळाच्या पाण्यासारखा. साधा बर्फ पाण्यावर तरंगतो, मी बुडतो. साधा शून्य अंशाला वितळायला लागतो, मी जवळजवळ चार अंशांपर्यंत तग धरतो. पण नुसतं बघून हे कुणाला कळणार? म्हणून माझ्या वाट्याला कायम संशयच आला.

नाशिकच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेच्या कपाटात मी दोन वर्षं काढली. तेव्हा मी पाणीच होतो, लाखेने बंद केलेल्या बाटलीत. किल्ली रंगनाथ सरांकडे. कुलूप लावून ते तीनदा ओढून बघत आणि जिन्यावरून परत येऊन चौथ्यांदा. हा माणूस घरी दुधातसुद्धा बोट बुडवून बघत असेल, असं मला वाटे.

काचसामान धुणारा पुंजाराम पेठ तालुक्याकडचा. नऊ वर्षं हंगामी. कायम झाल्याचा कागद १९९८च्या जूनमध्ये यायचा होता, आणि मे महिन्यातच माझ्या बाटलीची लाख उकाड्याने मऊ होऊन निघाली.

"माझ्याकडून किल्ली घेऊन कपाट पुसायला तूच उघडलं होतंस," सर म्हणाले. "सांडलंस आणि नळाचं भरलंस ना?"

"नाय सर. म्या निस्ती धूळ पुसली."

"मग घाम का फुटला? चोराच्या मनात चांदणं!"

"मे महिना हाय, सर."

सरांनी घरून कुल्फीचा साचा आणला, मला त्यात ओतून रात्रभर गोठवलं. पुंजारामचं भवितव्य आता माझ्यावर होतं. बुडालो तर तो खरा, तरंगलो तर चोर.

दुसऱ्या दिवशी पुंजारामने साचा तळव्यांत चोळून मला बाहेर काढलं. सरांनी ग्लासभर साधं पाणीही फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात इतकं गार केलं होतं, की वर पातळ पापुद्रा धरला होता. तिथेच घोटाळा झाला. मी पाण्यात पडताच तो पापुद्रा मला चिकटला, आजूबाजूचं साधं पाणीही माझ्या अंगावर गोठू लागलं. बघता बघता मला साध्या बर्फाची जाड बंडी चढली. साधा बर्फ हलका. त्याने मला वर उचललं. मी जीव तोडून खाली जायला बघत होतो, आणि तरंगत होतो!

"बघितलंस?" एवढंच बोलून सर तिथेच टेबलावर तक्रारीचा अर्ज लिहायला बसले. "तो ग्लास ओत आणि धू."

"गार काच लगेच धुवायची नाय, तडकते," पुंजाराम हळूच म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत."

सर लिहीतच राहिले. पुंजाराम हात मागे बांधून उभा राहिला. उकाडा माझ्या मदतीला आला. माझ्या अंगावरची बंडी आधी वितळली, कारण साध्या बर्फाला शून्याच्या वर दम धरवत नाही. मी मात्र अजून घट्ट होतो. हळूहळू खाली सरकलो आणि तळाला टेकलो. टक्.

सरांचा पेन थांबला.

"तू काही टाकलंस यात?"

"हात मागं हायेत, सर."

सरांनी बर्फाच्या ट्रेतला साधा तुकडा आणून ग्लासात टाकला. तो वर, मी खाली. सरांनी वाकून दोन्ही तुकडे निरखले. मग अर्ज फाडला आणि स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं. "चूक माझी झाली, पुंजाराम. बस."

नऊ वर्षांत ‘बस’ हा शब्द त्याने सरांकडून ऐकला नव्हता. तो स्टुलाकडे संशयाने बघत उभाच राहिला.

मी आता वितळतोय. आणखी थोड्या वेळाने या पाण्यात मी कोणता आणि साधं कोणतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. जाता जाता एकच मागणं आहे. सर, तो बसेपर्यंत तुम्हीही उभे राहा.