विहिरीवर गेलेला दोर

मी एक दोर बोलतोय. खरं म्हणजे दोराचा उरलेला अर्धा तुकडा.

बातमी आली तो रविवार नेहमीसारखाच होता, असं सुरेखाताई सांगतात. त्या मेथी निवडत होत्या, आणि विश्वजीतचा फोन आला. मी तेव्हा दूर कड्याखाली होतो, त्यांच्या नवऱ्याच्या, बद्रीनाथ सरांच्या कमरेला बांधलेला.

सर शाळेत विज्ञान शिकवायचे. हिवाळ्यात सुटीच्या दिवशी ते आणि त्यांचा मित्र विश्वजीत वैजापूरच्या पुढं एका घळीत चढाईला जायचे. रस्ता संपल्यावर तासभर चालायचं. तिथं दिवसभर ऊन असे आणि माणूस कुणी नसे. सर कड्याला खिळा मारत नसत. दगडाच्या भेगेत धातूची पाचर बसवायची, तिच्यातून मला ओवायचं आणि वर सरकायचं. मागून येणारा पाचर काढून घ्यायचा.

पण आधी माझी तपासणी. सर डोळे मिटून मला या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून ओढत. माझे आतले धागे तुटले तर बाहेरून दिसत नाही. हाताला ती जागा मऊ लागते. चार वर्षांत त्यांनी हे कधी चुकवलं नाही.

दिवाळीनंतर सुरेखाताईंचा धाकटा भाऊ कडूबा गंगापूरहून आला.

"दाजी, विहिरीतली मोटर काढायचीय. तुमचा दोर द्या की."

"अरे, हा मोटरीचा दोर नाही."

"माणूस पेलतो अन् मोटर नाय पेलणार व्हय? सासुरवाडीला दोर द्यायलाबी परीक्षा घेता का, मास्तर?"

सर हसले आणि मला दिलं.

मोटर मधेच अडकली. विहिरीच्या सिमेंटच्या काठावर मी अर्धा तास घासला गेलो. एका जागी आतून तुटलो. कडूबानं तिथं दोनदा बोट दाबून पाहिलं. मग मला धुऊन, वाळवून, नीट गुंडाळून तो त्या रविवारी थेट घळीतच घेऊन आला, आणि चढाई बघायला थांबला.

"काही झालं नाही ना रे?" सरांनी विचारलं.

"कायबी नाय, दाजी."

सरांची बोटं माझ्यावर आली होती. मेहुण्यासमोर तपासायला लागलं तर त्याच्यावर विश्वास नाही असं दिसेल, म्हणून ती थांबली.

दुपारी सरांचा पाय निसटला. पाचर हलली नाही. विश्वजीतनं खाली मला घट्ट धरलं होतं. मी तुटलो.

मला तोंड नाही, ही सबब मला पुरत नाही. भार घेणं एवढंच माझं काम होतं.

दहाव्याला विश्वजीत खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी सरांनी दोर तपासला नाही." सुरेखाताईंनी मला मांडीवर घेतलं आणि भावाला म्हणाल्या, "मला म्हणायचे, दर वेळी तपासतो. इतकी वर्षं खोटंच सांगत होते ना रे?"

"ताई, तसं नको म्हणू," कडूबा म्हणाला, आणि उठून बाहेर गेला.

आता मी दारामागच्या खुंटीला असतो. कडूबा दर आठवड्याला भाजी घेऊन येतो, बहिणीजवळ बसतो, माझ्याकडं बघत नाही. मोटर अडकली होती, हे त्यानं ताईंना अजून सांगितलेलं नाही.