दोन जागेवर, एक वाटेवर

सविता भोयेच्या सहा वर्षांच्या संशोधनाचा सारांश मराठीत लिहून हवा होता, आणि तिथंच माशी शिंकली.

संशोधन युरेनियमवर होतं. नाशिकच्या त्या कॉलेजात युरेनियमचा कणही नव्हता. होता तो एक जुना संगणक, आणि त्यावर सविताची गणितं. युरेनियम संगणकाच्या आत असतं, असं तिनं एकदा नाथा शिपायाला गमतीनं सांगितलं. तेव्हापासून तिचा चहा उंबऱ्याबाहेर राहू लागला, आणि तिच्या कागदाला हात लागला की नाथा हात धुवून येई.

विषय तसा माणसांतलाच. धातूतले काही इलेक्ट्रॉन आपापल्या अणूला धरून बसतात, आणि मग त्यांचं चुंबकत्व शाबूत राहतं. काही धातूभर हिंडतात, त्यांच्या जिवावर वीज वाहते, पण चुंबकत्व पातळ होतं. युरेनियमच्या घराण्यातले इलेक्ट्रॉन मात्र धड घरात नाहीत, धड बाहेर नाहीत. सवितानं घेतलेला पदार्थ युरेनियम, पॅलेडियम आणि ॲल्युमिनियम यांचा. तो भयंकर गारठवला की अणूंचा एक थर एकीकडे तोंड करतो, त्याच्यावरचा नेमका उलट. प्रत्येकात जोर, बेरीज शून्य. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा सविताला कॉलेजातली विभागप्रमुखांची बैठक आठवली होती. यातल्या दर युरेनियम अणूमागे असे तीन इलेक्ट्रॉन. तिचं गणित सांगत होतं की दोन जागेवर बसून चुंबकत्व राखतात आणि तिसरा हिंडतो. कल्पना जगात आधीपासून होती, पण गणित तिचं होतं आणि ते प्रयोगांशी जुळत होतं.

बसून राहणाऱ्यांना तिनं ‘स्थानबद्ध’ लिहिलं. कॉलेजच्या मराठी समितीनं तो शब्द खोडला. पोलीस ज्यांना स्थानबद्ध करतात त्यांच्याशी संस्थेचा संबंध दिसू नये, असा शेरा मारला आणि ‘स्थानिक’ घातलं. हिंडणाऱ्याला ‘स्थलांतरित’. शीर्षक झालं ‘युरेनियममधील स्थानिक व स्थलांतरित: एक अभ्यास’. ते वाचून कार्यालयानं मोठ्या तत्परतेनं प्रबंध तपासणाऱ्या तिघांच्या समितीत समाजशास्त्राच्या मोहिनी मॅडमना घेतलं.

अध्यक्ष डॉ. दीपक निकम. तीस वर्षांपूर्वी त्यांनी ज्या धातूंवर प्रबंध लिहिला, त्यांचे इलेक्ट्रॉन सहसा घर सोडत नाहीत. निकमांनीही आपलं मत त्यानंतर घराबाहेर काढलं नव्हतं. तिसरे सविताचे मार्गदर्शक अमित सर. त्यांची मान निकमांच्या मानेबरोबर हले, स्वतंत्रपणे हललेली कुणी पाहिली नव्हती. समितीनं शिफारस केली तरच प्रबंध पुढे जाणार होता, आणि नोंदणीची मुदत शनिवारी संपत होती. शिफारस हुकली की सहा वर्षं पाण्यात.

बैठकीत पहिला प्रश्न मोहिनी मॅडमनी विचारला.

“नमुना किती जणांचा घेतलात?”

“तिघांचा, मॅडम.”

“फक्त तिघांचा?”

“एका अणूमागे तेवढेच असतात.”

मॅडमनी वहीत ‘तीन’ लिहून खाली रेघ ओढली. मग त्यांनी विचारलं, की त्या स्थलांतरिताचा घरच्यांना उपयोग काय. सवितानं गंभीरपणे सांगितलं, की एका अणूची खबर दुसऱ्याला तोच पोचवतो, तो नसता तर शेजाऱ्याचं तोंड कुठं आहे हे कुणाला कळलंच नसतं. मॅडमना हे इतकं पटलं की त्यांनी आणखी एक रेघ ओढली.

निकमांना पटलं नाही. तिन्ही इलेक्ट्रॉन एकाच कप्प्यातले, मग एकालाच बाहेर जायची मुभा कशी, असं त्यांचं म्हणणं. प्रबंधाचा निष्कर्ष कसा एका बाजूचा असावा. शेवटच्या प्रकरणात तिघांनाही स्थानिक करून टाक, आत्ता सही देतो, ओवाळणीसारखी. अमित सरांची मान हलली. डोळे मात्र सविताकडे बघून हात जोडत होते.

“एकच ओळ बदलायची आहे,” निकम म्हणाले.

“ओळ बदलेन सर. पण मग इलेक्ट्रॉनलाही तसं कळवावं लागेल.”

निकमांनी चष्मा काढून पुसला. “हट्ट चांगला नाही, सविता. अगं, एकाच वेळी घरचं आणि बाहेरचं कोण असतं?”

“आम्ही असतो, सर.”

सविताचं गाव पेठ तालुक्यातलं. भात कापून झालं की तिचा बाप बारकू द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे उतरायचा, आजी आणि चुलता गावात राहायचे. कधी ती बापाबरोबर जायची. मग गावातली शाळा म्हणे ही बाहेर असते, बागेजवळची शाळा म्हणे ही बाहेरची आहे. तिनं हे सगळं थोडक्यात सांगितलं, रडवेल्या सुरात नाही, प्रयोगाची मांडणी सांगावी तसं.

“घरातल्या मोठ्या तिघांचं रेशनकार्ड एक, सर. दोन जागेवर, एक वाटेवर. दाखल्याच्या अर्जावर लिहिलेलं असायचं, स्थानिक की स्थलांतरित, एकावर खूण करा. माझा बाप दोन्हीवर करायचा. अर्ज परत यायचा. तो पुन्हा दोन्हीवर करायचा.”

“असं किती वेळा?” मोहिनी मॅडमनी पेन सरसावलं.

“चार वेळा, मॅडम. पाचव्या वेळी तलाठ्याची बदली झाली.”

निकम उठले. त्यांना ओझरहून दिल्लीचं विमान गाठायचं होतं. आपल्या सहीशिवाय ही फाइल कशी हलते ते बघतोच, असं सांगून ते गेले. दारात नाथानं त्यांना वाट करून दिली.

अमित सरांची मान आता कुणाबरोबर हलावी या पेचात होती. मोहिनी मॅडमनी विचारलं, सह्या किती लागतात. सर छताकडे बघू लागले.

“दोन पुरतात,” नाथा उंबऱ्याबाहेरून म्हणाला. बावीस वर्षं तो या फाइली वाहत होता.

नमुना लहान आहे, असं बजावत मोहिनी मॅडमनी सही केली. अमित सरांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि मान हलवली, एकट्यानं, जरा करकरत. मग सही केली. शेऱ्याच्या रकान्यात मॅडमनी लिहिलं: ‘तीन सदस्यांपैकी दोन जागेवर, एक प्रवासात.’

“हे मी प्रबंधात घेऊ का, मॅडम?” सवितानं विचारलं. “सिद्धांताशी जुळतंय.”

शेवटचा रकाना विद्यार्थ्यानं भरायचा होता. ‘स्थानिक / बाहेरगावचे. कोणत्याही एकावर खूण करा.’ सवितानं दोन्हीवर केली, ठसठशीत, आणि फाइल नाथापुढे धरली.

“परत आली तर, ताई?”

“पुन्हा दोन्हीवर करेन.”

नाथानं फाइल काखेत मारली आणि निघाला. जिन्याजवळच्या नळापाशी तो क्षणभर रेंगाळला, पण त्या दिवशी हात धुतले नाहीत.