क्लचप्लेटचं खोकं

माझ्या गॅरेजच्या पाटीवर नावाखाली दोनच शब्द आहेत: 'फक्त ओरिजिनल'. त्यांच्यापायी बावीस वर्षं मी गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत आलोय. दादालाही सोडलं नाही.

दादा माझा थोरला भाऊ. जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर जुनी, दोन सीटांची स्पोर्ट्‌स कार घेतली. वहिनी म्हणाली, "म्हातारचळ लागलाय यांना." वर्षभरात त्याला काचबिंदू निघाला आणि नेमकी तेव्हाच गाडीची क्लचप्लेट गेली.

"डॉक्टर म्हणतात, अजून चारसहा महिने चालवता येईल, पुढचं सांगता येत नाही," गॅरेजमधल्या स्टुलावर बसून तो म्हणाला. "एकदा घाटातून न्यायचीय रे. कोपऱ्यावरच्या दुकानात प्लेट आहे, ती बसव."

"ती बाहेरची आहे. असल्या गाडीला?"

"मला चालेल."

"मला नाही चालणार. कंपनीची मागवतो. आणि डॉक्टर काय, घाबरवतातच."

तो हसला. लहानपणापासून माझ्या हट्टापुढे तोच हात टेकायचा. दोन महिन्यांनी त्याने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "इतके दिवस थांबलास, आता थोडक्यासाठी कशाला?" तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. मला वाटलं, पटलं त्याला.

सातव्या महिन्यात तो चहा कपाच्या बाहेर ओतू लागला. आठव्या महिन्यात प्लेट आली.

माझी खोड अशी की आधी ती कोपऱ्यावरच्या दुकानदाराला दाखवायला नेली. म्हटलं, बघू दे त्याला खरा माल. त्याने फळीवरची त्याची प्लेट काढली आणि शेजारी ठेवली. दोन्हींच्या कडेला एकाच कारखान्याचा शिक्का होता, नंबरही तोच.

"एकाच ठिकाणी बनतात," तो म्हणाला. "तुमच्या प्लेटवर कंपनीचं खोकं चढवलंय, एवढंच."

"मग कधी बोलला नाहीत?"

"तुम्ही पाटी लावून बसलेले. कोण बोलणार?"

सगळ्याच मालाचं असं नसतं, हे मलाही ठाऊक आहे. पण या प्लेटचं होतं, आणि आठ महिन्यांत मी दुकानातली ती एकदाही हातात घेऊन पाहिली नव्हती. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

प्लेट बसवली. वहिनीचा हात धरून दादा आला, बॉनेट चाचपत दारापर्यंत पोचला. ड्रायव्हरच्या सीटवर बसून त्याने क्लच दाबला, एकेक गिअर टाकून पाहिला. मग उतरून पलीकडच्या सीटवर गेला. "चल," म्हणाला.

मी घाटातून गाडी नेली. प्रत्येक वळणाआधी त्याचा डावा पाय खाली दाबला जायचा, माझ्या जरा आधीच. रस्ता त्याला पाठ होता.

वर पोचल्यावर मी इंजिन बंद केलं.

"मस्त लागतो रे क्लच," दादा म्हणाला. "त्या दुसऱ्या प्लेटने असा लागला नसता ना?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो समोर काचेकडे तोंड करून बसला होता.

"नसता," मी म्हणालो.

"मग बरं झालं थांबलो."