हिंदीत सांगता येईना

स्वराली वाशीमची. चंडीगडच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करायला आली आणि दुसऱ्याच सत्रात टाळेबंदी लागली. बहुतेक मुली मिळेल त्या गाडीने घरी गेल्या. स्वरालीचं तिकीट रद्द झालं. एवढ्या मोठ्या वसतिगृहात अकरा जणी उरल्या.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग ऑनलाइन तासांना ती कॅमेरा बंद करून नुसती पडून राहू लागली. पुढे तेही सुटलं. मेसमधून राजमा-भात आणायचा, दोन घास खायचे, उरलेला तसाच. घरून फोन आला की मात्र आवाज चढवून सांगायची, "मस्त चाललंय, आई!"

मेसच्या दारावर विद्यापीठाच्या हेल्पलाइनचा नंबर चिकटवला होता. एका दुपारी तिने तो लावला. पलीकडे रागिणी नावाच्या समुपदेशक होत्या.

"बोलो बेटा."

"जी, नींद नहीं आती," स्वराली म्हणाली आणि अडली. तिचं हिंदी चांगलं होतं. पण जीव घाबरा होतो, हे कसं सांगायचं? 'घबराहट' म्हणावं तर परीक्षेची भीती वाटावी तसं ऐकू येत होतं.

रागिणींनी विचारलं, "घर में कौन-सी भाषा बोलते हो?"

"मराठी."

"कल तक रुकोगी? फोन आएगा, पक्का."

दुसऱ्या दिवशी अकराला फोन वाजला. "स्वराली ना? मी चित्रा निंबाळकर, इथे जवळच्या चंडीमंदिर छावणीतून. रागिणींनी तुझा नंबर दिला. माझे मिस्टर इथे आर्मीत आहेत, मी समुपदेशनाचं काम करते. काय होतंय गं तुला?"

त्या 'गं'नेच स्वरालीचा बांध फुटला. चित्राताईंनी तिला रडू दिलं. मग तिने सगळं सांगितलं: तीन आठवडे एकही तास नाही, घरी रोज खोटं, आणि काही कारण नसताना जीव घाबरा होतो.

"कारण नाही कसं? इतक्या लांब एकटी अडकलीयेस. उद्या एकच तास कर. आणि आईला खरं सांग."

तास दुसऱ्या दिवशी झाला. आईला सांगायला चार दिवस लागले.

"आई, माझं बरं चाललेलं नाहीये."

आई म्हणाली, "कळत होतं मला. एरवी तू कधी 'मस्त' म्हणतेस? विचारलं असतं, तर आणखी खोटं बोलली असतीस." मग हळूच म्हणाली, "मलाही झोप लागत नाही गं."

त्या दिवशी दोघी तासभर बोलल्या.

दर मंगळवारी चित्राताईंचा फोन येत राहिला. जूनमध्ये गाड्या सुरू झाल्या, स्वराली घरी पोचली. चौदा दिवस माडीवरच्या खोलीत राहायचं होतं. पहिल्याच सकाळी तिने खिडकीतून खाली हाक मारली, "आई, एक विषय राहणार माझा. पुढच्या वेळी देईन."

"दे की," अंगणातून आई म्हणाली. "पोहे पायरीवर ठेवलेत, गार होतील."