पांढऱ्या मेंढ्याचं फडकं

लोशाने सकाळी मेंढ्यांच्या वाडग्याचं फाटक सरकवलं आणि रोजच्या सवयीने पहिली नजर पांढऱ्या मेंढ्याच्या पोटाखाली टाकली. फडकं जागेवर होतं. गाठ मात्र तिची नव्हती.

तिने वाकून गाठ चाचपली. ती स्वतः रोज मागाच्या दोरीला मारतात तशी गाठ मारायची, एका ओढीत सुटणारी. ही दोनदा पिळून करकचून आवळलेली होती. कोबीची पोती ट्रकवर चढवताना पुरुष मारतात ती गाठ. आणि त्या घरात पुरुष एकच होता, तिचा नवरा शालिक.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोपऱ्यात तिची काळी मेंढी, मोरेना, शांतपणे रवंथ करत उभी होती. कालच ती माजावर आली होती.

हा पांढरा मेंढा घरात आला त्याची गोष्टही संताप यावा अशीच. चामुला मुलखाच्या डोंगरातल्या त्या वाडीत शहरातून एक साहेब आला आणि त्याने सभा भरवली. पुरुष बाकांवर बसले, उसाच्या दारूची, पोशची बाटली फिरली. साहेब म्हणाला, तुमच्या मेंढ्या म्हणजे उंदरं आहेत, हा मेंढा लावा, दुप्पट मांसाची कोकरं होतील. पुरुषांनी माना डोलावल्या. त्यातल्या एकाने तरी कधी मेंढी चारली होती का? त्या डोंगरात मेंढ्या बायकांच्या. चारायच्या बायकांनी, कातरायच्या बायकांनी, लोकर धुवायची, पिंजायची, कातायची, विणायची बायकांनी. पुरुषांनी ती तेवढी अंगात घालायची. आणि मांस कुणाला हवं होतं? मेंढी सान हुआनची, देवाची. तिच्यावर सुरी चालत नाही. म्हातारी होऊन मेली की घरच्या माणसासारखा खड्डा खणून तिला पुरतात. दुप्पट मांस म्हणजे खालच्या गावातल्या लोकांच्या हंडीत जाणारं मांस. हे सभेत सगळ्यांना कळत होतं आणि कुणीही बोललं नाही.

मेंढा शालिकच्या वाट्याला आला, आणि तो त्याला दोरीने ओढत, छाती काढून घरी आला. त्याच्या आईने, तुमीनाने, मेंढ्याच्या पाठीवरचा एक पुंजका चिमटीत घेऊन चोळला.

"ही काय लोकर म्हणायची? बोटभर लांबी आणि सगळ्या गुंतवळ्या. हिचा घागरा विणला तर पहिल्या पावसात पोत्यासारखा लोंबेल."

मग तिने पोत्याचा एक तुकडा फाडला, त्याला दोऱ्या लावल्या आणि तो मेंढ्याच्या पोटाखाली बांधला. म्हणजे तो चरेल, फिरेल, पण कुठल्या मेंढीला लागणार नाही. "दारी आलाय तर खाऊ दे," ती म्हणाली, "पण हे फडकं सुटता कामा नये." घरातल्या प्रत्येक मेंढीला नाव होतं. याला तिने नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं की जनावर घरचं होतं, मग त्याला ना विकता येतं ना हाकलता येतं. तो नुसताच 'तो' राहिला.

लोशाला मेंढ्यांचं हे सगळं आधी काही ठाऊक नव्हतं. लहानपणीच तिला शहरात एका घरी धुण्याभांड्याला धाडलं होतं. ज्या वयात वाडीतल्या पोरी मेंढ्यांमागे फिरतात, त्या वयात ती दुसऱ्यांच्या फरश्या पुसत होती. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा पाणवठ्यावरच्या बायका तिच्यासमोरच म्हणायच्या, "हात बघा हिचे, लाकडाचे नुसते." तुमीनाने तिला शिकवलं, पण शिव्या घालत शिकवलं. वाडगं उचलून पुढच्या वाफ्यात कसं मांडायचं, म्हणजे लेंड्यांचं खत सगळ्या शेताला मिळतं. मीठ किती चाटवायचं. कात्रीने लोकर कापताना कातडी कशी ताणायची. आणि रोज संध्याकाळी तेच: "डोळे मीट. ही लोकर कुणाची?" चुकलं की हातावर चातीचा फटका.

गेल्या हिवाळ्यात लोशाने डोळे मिटून सगळा कळप नुसत्या बोटांनी ओळखला.  तुमीनाने कळपातून एक लहानखुरी काळीभोर मेंढी कानाला धरून आणली. मोरेना, म्हणजे सावळी. वीतभर लांब, सरळ, चमकदार लोकर.

"ही तुझी. हिच्यापासून तुझा कळप."

जन्मात पहिल्यांदा कुणी लोशाला काही दिलं होतं. वरच्या वाडीतल्या एका म्हातारीकडे तसाच काळा मेंढा होता, मोरेनाला त्याच्याकडे न्यायचं ठरलं होतं. काळी कोकरं होतील, त्यांची लोकर येईल, आणि लोशा सासूच्या लोकरीचा घागरा उतरवून स्वतःच्या मेंढ्यांचा घालील. एवढंच तिला हवं होतं.

ती परकी गाठ बघून लोशा तशीच घरात शिरली. शालिक चुलीपाशी मक्याची पेज पीत होता. तुमीना भाकऱ्या थापत होती.

"फडकं कुणी सोडलं?"

"कुठलं फडकं?"

"सोंग करू नकोस. गाठ तुझी आहे."

शालिकने वाटीत तोंड खुपसलं. "एका दुपारपुरतं सोडलं असेल. तेही जनावरच आहे बिचारं."

"मोरेना माजावर होती. तुला माहीत होतं!"

"म्हणून तर सोडलं," तो एकदम चिडून म्हणाला. "साहेब मला रस्त्यात अडवून विचारतो, तुझ्या मेंढ्याचं पहिलं कोकरू कधी? मी काय सांगू, माझ्या आईने त्याला लुगडं नेसवलंय म्हणून? सगळी वाडी हसते मला."

"ती माझी मेंढी आहे."

"घरातली मेंढी घराची. तुझं-माझं कुठून काढलंस?"

तुमीनाने हातातला गोळा खाली ठेवला. "शालिक, तुझ्या अंगावरचा झगा कुणाच्या लोकरीचा?"

"तुझ्या."

"विणला कुणी?"

"तूच."

"मग काढून ठेव तो, आणि जा तुझ्या कामाला."

शालिक हसला. आई हसली नाही. शेवटी त्याने तो जाड काळा झगा डोक्यावरून काढला आणि दारातल्या गारठ्यात नुसत्या शर्टावर बाहेर पडला. त्या दिवशी कोबीच्या रानात कुडकुडताना त्याला निम्म्या वाडीने पाहिलं. बरं झालं, असं लोशाला वाटलं. पण त्याने मोरेनाच्या पोटातलं काही परत फिरणार नव्हतं.

मोरेना गाभण राहिली. पोट असं वाढलं की पुढचे पाय वाकायला लागले. लोशा तिला उतारावर नेईना, चारा कापून जागेवर आणून घाली. सान हुआनच्या देवळात जमिनीवर पसरलेल्या पाईनच्या पानांवर मेणबत्त्या लावून ती गुडघ्यांवर बसली, पण प्रार्थनेतही तिच्या तोंडून नवऱ्याला शिव्याच निघाल्या. देवाने ऐकलं असेल तर तेही ऐकलं असेल. घरात ती शालिकशी बोलेनाशी झाली. भाकरी पुढे ठेवायची आणि पाठ फिरवायची. तोही पेटलेला. "एका मेंढीपायी एवढं?" असं तो भिंतीला म्हणायचा.

दिवस भरले आणि एका भर दुपारी मोरेना वाडग्यात आडवी झाली. कळा येत होत्या आणि काही सरकत नव्हतं. तुमीना धावत आली, पण तिच्या बोटांची पेरं सांधेदुखीने सुजून गाठी झाली होती.

"माझा हात आत जायचा नाही. तू घाल."

"आई, मी कधी—"

"चरबी लाव आणि घाल. रडायचं ते नंतर रड."

लोशाने मनगटापर्यंत डुकराची चरबी चोळली.

"काय लागतंय?"

"पाय. एकच पाय."

"दुसरा मागे दुमडलाय. शोध. खुराला मुठीत धर, नाहीतर आतून फाडेल."

"सापडला. पण डोकं, आई... डोकं केवढं आहे हे!"

तुमीना मोरेनाची मान मांडीवर घेऊन बसली होती. तिने दातओठ खात फाटकाकडे पाहिलं. तिथे तो पांढरा, फडकं बांधलेला, निवांत चरत होता. "कळ येईल तेव्हाच ओढ. खाली ओढ, पायांकडे. आता!"

लोशाने ओढलं. मोरेना ओरडली नाही, मेंढ्या फारशा ओरडतच नाहीत, आणि तेच लोशाला सहन होईना. पुन्हा कळ आली, पुन्हा ओढलं, आणि एक मोठं पांढरं कोकरू चिकटाचिकट होऊन तिच्या मांडीवर पडलं. मागोमाग रक्त आलं आणि ते थांबेना. तुमीनाने पाला ठासला, मुठीने पोट दाबलं. काही उपयोग झाला नाही. मोरेनाने कोकराचा वास घ्यायला मान उचलली, ती तिथवर पोचली नाही.

"चीक काढ," तुमीना म्हणाली.

"ती मेलीय, आई."

"कास गरम आहे तोवर काढ. कोकरू मादी आहे, पोरीला पहिलं दूध हवं."

लोशाने मेलेल्या मेंढीची कास पिळून वाटीत पिवळा, दाट चीक काढला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते नुसतं दुःखाचं नव्हतं. त्या क्षणी शालिक समोर असता तर तिने ती वाटी त्याच्या डोक्यात घातली असती.

तो संध्याकाळी आला. दारातच त्याला ते कोकरू दिसलं आणि तोंडून गेलं, "केवढं आहे!"

लोशा उठली. तिने कोकरू उचलून त्याच्या छातीवर आदळलं. "घे. तुझं आहे."

"मी? मी काय करू त्याचं?"

"वाढव. मांस हवं होतं ना तुला? आधी जगवून दाखव. आणि खड्डा खण. मोरेना बाहेर पडलीय."

दुसरी कुठलीच मेंढी त्या कोकराला अंगाला लागू देईना. मग शालिक बाटलीला चिंधीचं बोंड लावून दूध पाजायला शिकला. आधी चुकून नाकात गेलं, मग पोट फुगलं, मग हगवण लागली. प्रत्येक वेळी तो लोशाकडे बघायचा आणि ती पाठ फिरवायची. तुमीनाने त्याला कॅमोमाइलचा काढा दाखवला, तोही शिव्या घालतच. कोकरू त्याची पाठ सोडीना. तो कोबीच्या रानात निघाला की मागे बेंबटत पळायचं. पाणवठ्यावरच्या बायकांना तर पर्वणीच मिळाली.

"काय हो शालिकबाई, आज लोकर कातली का?"

"दूध आटलं नाही ना?"

त्याचे कान लाल व्हायचे. पण बाटली तो झग्याच्या आत, उबेला धरून न्यायचा, हे लोशाने पाहिलं. पाहिलं म्हणून तिचा राग उतरला असं नाही. मोरेनाच्या खड्ड्यावरून ती रोज जात होती.

सान हुआनची जत्रा जवळ आली तसा साहेब लटकता वजनकाटा घेऊन हजर झाला. कोकरू बघून त्याने शालिकच्या पाठीवर थाप मारली.

"सांगितलं होतं ना! जत्रेत मांडू, आणि जत्रा संपली की खालचा खाटीक घ्यायला तयारच आहे. लाव हुकाला."

शालिक जागचा हलला नाही. "नाही."

"नाही म्हणजे?"

"तिला नाव आहे."

साहेब हसायला लागला. "मग असू दे की. काय नाव?"

शालिकने दाराकडे पाहिलं. दारात लोशा उभी होती. त्याने मान खाली घातली. "मोरेना."

"सावळी? या कापसाच्या गोळ्याला?" साहेबाने पोट धरलं. पण नाव ऐकताच ते पांढरंफेक कोकरू धावत शालिकच्या गुडघ्याला येऊन भिडलं.

 लोशाला न विचारता मेंढा सोडला, आणि आता तिला न विचारता नावही उचललं! तिला ते नाव त्याच्या तोंडातून ओढून काढावंसं वाटलं. पण ठेवलेलं नाव परत घेता येत नाही. त्या नावाखाली आता हे कोकरू कुणाच्या हुकाला लागणार नव्हतं, आणि हे शालिकला पक्कं ठाऊक होतं.

ती अंगणात उतरली, पण कोकराकडे गेली नाही. सरळ वाडग्यात शिरून पांढऱ्या मेंढ्याला दोरीने बाहेर काढलं आणि दोरी साहेबाच्या हातात कोंबली.

"हा तुमचा. याला आम्ही नाव ठेवलेलं नाही. न्या."

"अहो बाई, पण सभेत ठरलं होतं—"

"मी होते का त्या सभेत?"

साहेबाने शालिककडे पाहिलं. शालिक कोकराच्या कानामागे खाजवत होता. त्याने मान वर केली नाही.

लोशा वाकली. मेंढ्याच्या पोटाखालची तिची गाठ एका ओढीत सुटली. "फडकं आमचं आहे," ती म्हणाली, आणि ते पोत्याचं फडकं तिने नवऱ्याच्या खांद्यावर फेकलं.

"धुऊन तिच्या अंगाखाली घाल. आणि ती बाटली गार पडलीय. दूध कोमट करून पाज. एक मोरेना मारलीस तेवढी पुरे."