पन्नास खेळ, एक शाब्बास

हातात मावेल एवढं यंत्र, त्यावर छोटा पडदा, तीन गुबगुबीत बटणं आणि खोक्यावर ठळक अक्षरात 'दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पन्नास खेळ'. बाईंनी सकाळपासून पन्नासच्या पन्नास खेळून पाहिले. पन्नास कसले डोंबलाचे! ससा पकडा, फुगा फोडा, बदकाला आंघोळ घाला. नावं निरनिराळी, करायचं एकच. बटण दाबलं की टाळ्या, 'शाब्बास' आणि वर चांदण्या. सशाऐवजी झुडूप पकडलं तरी शाब्बास. बाईंनी कोपराने बटण दाबून पाहिलं. कोपरही हुशार निघालं.

तीस वर्षं बालवाडी चालवलेल्या बाईंना या खेळण्यांच्या कंपनीने मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी सही केली की खोक्यावर छापणार, 'बालवाडीच्या बाईंनी पारखलेलं'. गावातल्या निम्म्या आया त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. बाईंचं नाव बघून त्या डोळे झाकून हे लेकरांच्या हातात देणार, आणि पोरं वाट्टेल तिथे बोट मारून टाळ्यांची वाट बघत बसणार. जन्मभर जपलेला शब्द असल्या भिकार डब्यावर चिकटवायचा?

"यात चुकताच येत नाही," बाई म्हणाल्या.

"तेच तर," टेबलापलीकडचा मालक खुलला. अंगात सूट, डोक्यावरचे केस विरळ, पण बाईंच्या लेखी तो अजून पहिल्या रांगेतला रडका गोटूच. "आधी चुकलं की बदक मान हलवायचं. पोरं रडायची, आया तक्रारी करायच्या. मग ते काढूनच टाकलं."

"त्याबरोबर अक्कलही काढलीस."

"असं काय बाई? कल्पना तुमचीच आहे." तो अगदी मनापासून बोलत होता. "मी मणी कसेही ओवले तरी तुम्ही शाब्बास म्हणायचात. मला कधी चुकलं म्हणाला नाहीत. असं दुसरं कुणीच नव्हतं हो."

खरं होतं ते. गोटूने भोकाड पसरलं की बाकीची एकोणतीस पोरं सूर धरायची. त्याचे मणी पुन्हा ओवून घेत कोण बसणार? शाब्बास म्हणून टाकलं की वर्ग गप्प. माया कसली, शुद्ध आळस होता तो. आणि हा येडा तोच आळस काळजाशी धरून एवढा मोठा झाला होता. सकाळपासून यंत्राला नावं ठेवणाऱ्या बाईंना आता स्वतःचीच लाज वाटली.

गोटूने कागद पुढे सरकवला, पेन उघडून दिलं आणि त्यांच्या तोंडाकडे आशेने बघत बसला.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "हे वाईट झालंय, गोटू. सगळं मोड आणि पुन्हा कर."

गोटूचा चेहरा पडला. डोळे भरून आले, खालचा ओठ पुढे आला. बाईंच्या तोंडाशी जुना शब्द आला होता, तो त्यांनी गिळला. आपली खुर्ची त्याच्या शेजारी ओढली आणि त्याचं रडून होईपर्यंत बसून राहिल्या.